तो रिपोर्ट लग्नाआधी आला होता

ही गोष्ट सांगायची मी चौदा वर्षं टाळली. अगदीच सांगितली नाही असं नव्हे. दोन-तीनदा सांगितली, पण दर वेळी तिच्यातला एक दिवस इकडचा तिकडे केला. रिपोर्ट लग्नानंतर आला, असं मी सांगत आलो. बायकोला तसंच सांगितलं, माझ्या भूलतज्ज्ञ मित्राला तसंच सांगितलं. मुंबईच्या एका सर्जनला तर रिपोर्ट सापडतच नाही म्हणालो. प्रत्यक्षात तो बुधवारी आला होता आणि लग्न रविवारी होतं. मधले चार दिवस मी एका टेबलाच्या खणात बंद करून ठेवले.

मी सर्जन होतो. नाशिकच्या द्वारका चौकातून पुणे रोडला लागलं की थोडं पुढे, एका जुन्या दुमजली इमारतीत माझं वीस खाटांचं हॉस्पिटल होतं. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या ट्रकांचे हॉर्न आत ऐकू यायचे आणि नवीन सिस्टर दचकायच्या. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे, फुटलेले अल्सर, असं पोटाचंच काम मी पस्तीस-एक वर्षं केलं. हात चांगला होता. निदान सहसा चुकत नसे. हे लोक माझ्याबद्दल म्हणत आणि मला ते ऐकायची सवय झाली होती.

जानेवारीच्या शेवटी पिंपळगाव बसवंतहून एक बाई आली. वय चाळीसच्या आसपास. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, पॅकहाऊसमधून कोल्ड स्टोरेजला माल पोचवायचा. ती त्याच पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायला जायची. छोट्या कात्रीने घडातले खराब मणी काढायचे, दिवसभर उभ्याने. सोबत त्यांची मुलगी होती, बारावी सायन्सला.

"काय होतंय बाई?" मी विचारलं.

"पोटात ह्यांचा टेम्पो फिरतोय साहेब. चढाला लागला की थांबतो, मंग ढकलावा लागतो."

"हिला समद्यात टेम्पोच दिसतो," नवरा म्हणाला. "दोन वर्षं झाली बघा. आधी महिन्यातून एकांद्या वेळी दुखायचं. आता जेवली की ओकती. लय वाळली."

"वाळले तर बरंच झालं की. तुमच्या टेम्पोत जागा होईल."

मुलगी हसली नाही. तिने एक प्लास्टिकची फाईल माझ्यापुढे ठेवली. "आधीचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेत, सर." माझ्याशी बोलताना ती पुस्तकासारखं बोलायची आणि आईशी बोलताना आईसारखं.

मी पोट तपासलं. मधोमध एक मऊ गोळा लागत होता, हाताखाली थोडा सरकणारा. सोनोग्राफीत आतडी पसरलेली नव्हती, एका जागी गोळा होऊन बसली होती. एक्स-रेमध्ये आतडं अडल्याच्या खुणा होत्या. शहरात तेव्हा सीटी स्कॅनची सोय होती. तो करून घ्यायला एक दिवस लागला असता. पण आमच्या पिढीची काम करायची एक रीत होती: पोट उघडलं की कळतं. त्या रीतीने मी शेकडो माणसं बरी केली होती, म्हणून तिच्यावर शंका घ्यायचं मला कधी सुचलं नाही.

सोमवारी सकाळी तिला टेबलावर घेतलं. कातडी, चरबी, मधली पांढरी रेघ, मग पोटाचं अस्तर. ते उघडलं की आतडी दिसतात, ओलसर, गुलाबी, सावकाश हलणारी. मला आतडी दिसलीच नाहीत. तिथे एक पांढरट, चिवट पडदा होता. सगळं लहान आतडं कुणीतरी त्या पडद्यात गुंडाळून, तोंड बांधून ठेवल्यासारखं. पडद्याखाली काहीतरी वळवळत होतं. ते बोटांना कळत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं.

माझा भूलतज्ज्ञ मित्र डोक्याकडच्या बाजूला स्टुलावर बसला होता. आम्ही पंचवीस वर्षं एकत्र काम केलं. तो म्हणाला, "काय रे, बोलत का नाहीस? तू गप्प झालास की मला भूल जास्त द्यावीशी वाटते. तुलाच."

"थांब जरा."

मी पडद्याची एक कड सोडवून पाहिली. लगेच रक्त झिरपायला लागलं. आत आतडं नेमकं कुठे सुरू होतं ते समजेना. त्याला भोक पडलं तर ते असल्या पोटात भरून येणार नाही, ही भीती होती. शिकत असताना आमच्या गुरुजींनी एक पोट दाखवलं होतं. कर्करोग अस्तरावर पसरून सगळं एकमेकांना चिकटलेलं. गोठलेलं पोट, असं ते म्हणत. त्यांनी आम्हाला शिकवलं होतं की असल्या पोटात शिरायचं नाही, एक तुकडा तपासायला घ्यायचा आणि बंद करायचं. मी तुकडा घेतला आणि बंद केलं. चाळीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पण त्या गोठलेल्या पोटात गाठी होत्या. दाण्यांसारख्या, कडक, जागोजागी. इथे एकही गाठ नव्हती. पडदा गुळगुळीत होता. हे मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि हिशेबात धरलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये नवरा आणि बाईचा भाऊ उभे होते. मी म्हणालो, "आत सगळं पसरलंय. काढण्यासारखं काही नाही. दोन महिने, फार तर तीन." नवऱ्याने भिंतीला पाठ टेकली. आणि मग मी ते वाक्य बोललो, जे आम्ही डॉक्टर अशा वेळी नेहमीच बोलायचो आणि बोलून माणुसकी केल्यासारखं वाटून घ्यायचो. "घरात काही कार्य व्हायचं असेल तर उरकून घ्या."

त्याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. कन्यादानाला आई-बाप जोडीने बसतात. आई गेली तर बापाला एकट्याला बसता येत नाही, पाटावर काका-काकू बसतात, आणि लेकीला जन्मभर ते लागून राहतं. शिवाय घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत करा, नाहीतर तीन वर्षं थांबा, हेही असतंच. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बोललो होतो.

भाऊ लगेच म्हणाला, "ताईला पोरीचं बघायचं राहू नये. सटाण्याकडचं ते स्थळ दिवाळीपासून मागं लागलंय."

"बारावी तर होऊ द्या तिची," नवरा म्हणाला. "दोन-तीन आठवडं राहिल्यात."

"बारावी दर साली येती, दाजी."

मुलगी आमच्या मागेच उभी आहे हे तेव्हा मला दिसलं. ती रडत नव्हती. तिने विचारलं, "सर, तुम्ही तुकडा तपासायला पाठवलाय ना? त्याचा रिपोर्ट कधी येईल?"

"आठ-दहा दिवस."

"मग तोपर्यंत थांबायचं का?"

हा प्रश्न तिने मला विचारला होता. बाप माझ्याकडे बघत होता, मामाही. मी हो म्हटलं असतं तर ते थांबले असते. डॉक्टर म्हणतात म्हटल्यावर मामाची काही टाप नव्हती. मी म्हणालो, "रिपोर्टने काही फरक पडणार नाही, बाळ."

पुढचे आठ दिवस ती आईजवळ होती. खाटेखाली वह्या ठेवायची आणि आई झोपली की काढायची. एकदा राऊंडला मी पाहिलं, ती पचनसंस्थेची आकृती काढत होती, लहान आतड्याची वळणं पेन्सिलीने मोजून मोजून. मला बघून तिने वही मिटली.

बाईला कुणी काही सांगितलं नव्हतं. पोटात सूज आहे, एवढंच. पण तिने ते आपलं आपण जुळवलं. एका सकाळी मी नाडी बघत असताना म्हणाली, "पोरीचं लगीन काढलंय अचानक. म्हंजी मी चालले, आसंच ना साहेब?"

"मुलीचं लग्न म्हणजे आनंदाचीच गोष्ट आहे की."

"तुमी डाक्टर लोक दुसऱ्याच्या लग्नाचं लय गोड बोलता. तुमच्या पोरीचं केलं का बारावीला?"

माझी मुलगी तेव्हा पुण्यात एम.डी. करत होती. मी नाडी मोजत राहिलो.

आणखी एक गोष्ट त्या आठ दिवसांत घडली. नाकातली नळी आणि सलाईन यांच्यावर तिचं अडलेलं आतडं सुटलं. उलट्या थांबल्या, ती पेज प्यायला लागली, पिऊन पचवायला लागली. मरायला टेकलेल्या पोटाला हे इतक्या सहज जमत नाही. मी ते केसपेपरवर लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेलो. मंगळवारी तिला घरी सोडलं.

बुधवारी सकाळी पॅथॉलॉजिस्ट बाईंचा फोन आला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण कामाला चोख.

"सर, तुमच्या त्या पिंपळगावच्या पेशंटचा तुकडा. मला त्यात कॅन्सर दिसत नाही."

"तुकडा नीट लागला नसेल."

"नाही सर, तुकडा भरपूर आहे. नुसता तंतूंचा थर आहे, जुनी सूज. क्षयाचंही काही नाही. मी तीन-तीनदा पाहिलं. तुम्हाला आत नक्की काय दिसलं?"

"मी पोट उघडून पाहिलंय. तुम्ही काचपट्टी पाहिलीय."

 मग म्हणाल्या, "रिपोर्ट पाठवते, सर."

दुपारी रिपोर्ट आला. मी तो दोनदा वाचला आणि खणात ठेवला, औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पॅडखाली. त्या वेळी मी स्वतःला जी कारणं दिली ती इथे लिहितो. एक, काचपट्ट्या मुंबईला दाखवून घेऊ, मग बोलू, उगीच खोटी आशा नको. दोन, पत्रिका वाटून झाल्या आहेत, आता सांगून गोंधळच होईल. ती दोन्ही कारणं त्या दिवशी मला खरी वाटत होती. काचपट्ट्या मी मुंबईला कधीच पाठवल्या नाहीत. तिसरं कारण मी स्वतःलाही सांगितलं नाही. ते असं की तोवरच्या सगळ्या वर्षांत मी कुणाच्या नातेवाइकाला फोन करून "मी चुकलो असेन" असं म्हटलेलं नव्हतं, आणि ते कसं म्हणतात हे मला येत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ओपीडी संपता संपता फोन वाजला. मीच उचलला.

"सर, मी पिंपळगावहून बोलतेय. रिपोर्ट आला का?"

मागे बायकांचा गलका होता. कुणीतरी गात होतं, कुणीतरी तिला हाका मारत होतं, अगं हळदीच्या अंगानं फोनला कुठं चिकटली.

माझा हात खणाच्या मुठीवर होता. ओढला तर उघडेल इतका.

"अजून नाही," मी म्हणालो.

"अकरा दिवस झाले, सर."

"लॅबवाल्यांचं असंच असतं."

"बरं." मग म्हणाली, "आला की याच नंबरवर सांगाल? पप्पांचा आहे. रात्रीपर्यंत आला तरी चालेल."

रात्रीपर्यंत आला तरी चालेल, म्हणजे काय, हे मला समजलं होतं. मी "सांगतो" म्हणालो.

रविवारी मी लग्नाला गेलो. बाप स्वतः पत्रिका घेऊन आला होता, न जाणं बरं दिसलं नसतं. दुपारचा मुहूर्त होता. मला पुढच्या रांगेत बसवलं, माईकवरून नाव पुकारून टॉवेल-टोपी दिली. बाई खुर्चीत होती. नवरा पाटावर बसला, तिला त्याच्या शेजारी खुर्चीतच ठेवलं, एका बाईने मागून खांदे धरले होते. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून तिने पदराखाली पोटाला उशी धरली होती, ती मीच सांगितली होती. मुलीच्या हातावर पाणी सोडताना बाईचा हात हलला नाही. खूश दिसत होती. मला ते अजून समजत नाही, पण ती खरंच खूश दिसत होती. मंगलाष्टकं झाली. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, मीही टाकल्या. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही.

जूनमध्ये तिच्या बापाचा फोन आला. आवाज चोरट्यासारखा.

"साहेब, बायको अजून हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी तुमी तीन महिनं म्हणला व्हता. ती आता भाकरी कुस्करून खाती थोडी थोडी. कामावर जाते म्हणती. जाऊ देऊ का?"

जणू तिच्या जगण्यात त्याचीच काही चूक होती. मी म्हणालो, "कधीकधी असं होतं." मग त्याने आपणहून सांगितलं की पोरीची परीक्षा राहिली, सासरचे पुढच्या साली बसवू म्हणालेत.

पुढच्या वर्षी बाईचं आतडं पुन्हा अडलं. या वेळी ते माझ्याकडे आले नाहीत. पिंपळगावच्या डॉक्टरांनी थेट मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या एका तरुण सर्जनने आधी सीटी स्कॅन केला आणि मला फोन करून जुने कागद मागितले. ऑपरेशनची नोंद मी पाठवली. बायोप्सीचा रिपोर्ट सापडत नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या सर्जन मंडळींची एक सभा नाशिकला एका हॉटेलात होती. तोच तरुण सर्जन भाषणाला आला होता. विषय होता पोटातले दुर्मीळ आजार. दिवे मंद केले, पडद्यावर चित्र आलं, आणि मी माझा टाक्यांचा व्रण ओळखला. मी टाके थोडे जवळ जवळ घेतो.

शेजारी बसलेला माझा भूलतज्ज्ञ मित्र कानाशी लागून म्हणाला, "अरे, हे तर आपलं पोट."

तरुण सर्जन सांगत होता. आतड्याभोवती कोश तयार होतो. का होतो, ते बरेचदा कळत नाही. कर्करोग नव्हे. दिसायला भीतिदायक, पण गुळगुळीत असतो, गाठी नसतात, तीच खूण. एकदा ओळखलं की घाई करायची नाही. जिथे पडदा सैल लागेल तिथून सुरू करायचं, बोटाने, ओल्या गॉजने, एकेक वळण मोकळं करत जायचं. आतडं निरोगी असेल तर कापायचं काहीच नसतं, फक्त सोडवायचं असतं. आम्हाला साडेचार तास लागले. मग त्याने शेवटचं चित्र दाखवलं. द्राक्षांच्या क्रेटशेजारी बाई उभी होती, हातात कात्री, अंगाने भरलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कुणीतरी विचारलं, "आधी दुसरीकडे पोट उघडलं होतं म्हणालात. तेव्हा बायोप्सी नव्हती केली?"

"केली होती. रिपोर्ट मिळाला नाही."

मी तिसऱ्या रांगेत होतो. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. फार नम्र मुलगा. म्हणाला, "सर, मी तुमचं नाव कुठेही घेतलं नाही. हा आजार एवढा दुर्मीळ आहे की कुणाचंही चुकेल."

"बरं केलंत," मी म्हणालो.

परतताना गाडीत मित्राने विचारलं, "आपला रिपोर्ट काय होता रे तेव्हा?" मी सांगितलं, काही निघालं नव्हतं, आणि आला तोही लग्न झाल्यावर. "मग तू तरी काय करणार," तो म्हणाला. तो आता नाही. त्याच्याशी खोटं बोललो ते तसंच राहिलं.

कोश न ओळखण्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. खरंच ते कुणाचंही चुकलं असतं. मला धरून बसलंय ते दुसरं आहे. तापवलेलं दूध निवलं की वर साय धरते. ती बोटाने ओढली की एकसंध, पांढरी, सुरकुतत येते. मी दुधाच्या पातेल्याजवळ जात नाही. बायकोला वाटतं, कोलेस्टेरॉल. दारात कुणी कुरिअरवाल्याला, गॅसवाल्याला विचारलं, "आला का?" की माझ्या तोंडात उत्तर तयार असतं. अजून नाही. एकदा मी ते मोठ्याने बोललो. नातू म्हणाला, "आजोबा, काय अजून नाही?" मी पेपर वर धरला. दुपारची झोप तर गेलीच. डोळा लागला की हळदीच्या त्या गलक्यातून कुणीतरी हळू आवाजात म्हणतं, रात्रीपर्यंत आला तरी चालेल.

आठ वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला तेव्हा मी हॉस्पिटल बंद केलं. खण रिकामे करताना तो कागद सापडला. सापडला असं तरी कशाला म्हणू, तो कुठे आहे हे मला माहीत होतं. घरी आणला.

गेल्या हिवाळ्यात मुलीच्या बापाकडून पत्ता घेऊन मी सटाण्याच्या पुढच्या तिच्या गावी गेलो. बसने गेलो, ड्रायव्हर नको होता. कोटाच्या आतल्या खिशात रिपोर्ट होता. डाळिंबाच्या बागेच्या कडेला घर. ओट्यावर तिची सासू शेंगा फोडत बसली होती. मी नाशिकचा डॉक्टर म्हटल्यावर तिने खाट पुढे ओढली आणि अहिराणीत म्हणाली, सून गावात गेलीय, येईलच आता. "बठा. सून गावमा गयेल शे, ई जाई आते. ती आशाताई शे आमनी."

ती आशाताई झाली होती, गावातली घरोघरची आरोग्याची कामं करणारी. थोड्या वेळाने खांद्याला पिशवी लावून आली. बत्तीस-तेहतीसची बाई. मला ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही.

"सर, तुम्ही म्हातारे झालात."

"झालो."

"आई विचारते कधीकधी तुमच्याबद्दल. म्हणते, त्या डाक्टरनं मला मारलं व्हतं, पण टाके चांगले घातले." ती हसली. मीही हसण्यासारखं काहीतरी केलं.

चहा झाला. मी विचारलं, बारावी? "राहिलीच ती. पुढच्या वर्षी हॉल तिकीट आलं होतं, पण मुलगी झाली त्याच महिन्यात. आता तीच जाईल पुढे." माणसं चांगली आहेत, नवरा मारत नाही, बाग स्वतःची आहे, हे तिने सांगितलं, तक्रार नसलेल्या आवाजात. मग म्हणाली, "या कामात एक बरं आहे, सर. कुणाला काय झालंय ते मी कागद हातात घेऊन वाचते. दुसऱ्याने सांगितलेलं धरत नाही. डॉक्टरांशीसुद्धा भांडते."

मी कोटात हात घातला. कागद बोटांना लागला. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मला वाटलं, हिला माहीत आहे. मग वाटलं, माहीत नाही, आणि मी सांगितलं तर हे घर, ही बाग, ही मुलगी, सगळ्याचा अर्थ हिला इथे ओट्यावर बसून बदलावा लागेल. हे फार शहाणपणाचं वाटलं. खणाच्या वेळचीही कारणं अशीच शहाणपणाची होती.

"काही काम होतं का, सर?"

"नाही. इकडे आलो होतो, सहज."

तिने सासूचा गुडघा दाखवला. मी तो तपासला, व्यायाम सांगितला. तिने पिशवीभर डाळिंबं दिली आणि बसपर्यंत सोडायला आली. बस येईपर्यंत आम्ही दहा मिनिटं उभे होतो. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्या दहा मिनिटांत मी हवामानाबद्दल बोललो.

ती हे वाचेल की नाही, मला माहीत नाही. बसमध्ये चढण्याआधी मला जे म्हणायचं होतं ते मी येताना रस्ताभर पाठ केलं होतं. ते असं होतं: बाळ, तू फोन केलास तेव्हा रिपोर्ट माझ्या समोर होता. तुझ्या आईला कर्करोग नाही असं त्यात लिहिलं होतं. मी तुला अजून नाही म्हणालो. तू विचारलं होतंस ते बरोबर होतं, थांबायला हवं होतं, आणि तुला थांबवता आलं असतं असा मी एकटाच होतो. मला माफ कर.